गर्दीपासून दोन पूल लांब

वाचकांचे प्रवासप्रश्न

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले की, व्हेनिसला जायचं तर सान मार्को चौकाच्या अंगाला खोली घेऊ नका. उत्तरेकडच्या कान्नारेजोत नाहीतर पूर्वेकडच्या कास्तेल्लोत राहा. तेवढ्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला आहे. पुण्याच्या वाचकाला ‘अमुक करू नका’ म्हटलं की ‘का नको’ विचारल्याशिवाय चैन पडत नाही, आणि ते रास्तच आहे. म्हणून या वेळचं सदर सगळंच्या सगळं व्हेनिसला. माझी भाची पादोव्हाच्या विद्यापीठात शिकत होती, तिच्या निमित्ताने मला कान्नारेजोत बिऱ्हाड करून राहायला मिळालं. भाजी आणणं, कचरा टाकणं, दूध उतू घालवणं, सगळं तिथे झालेलं आहे.

*

आम्ही दोघं निवृत्त, कोथरूडला राहतो. टूर कंपनीच्या कार्यक्रमात व्हेनिस अर्धा दिवस आहे आणि मुक्काम मेस्त्रेला. आम्हाला स्वतंत्रपणे जाऊन पाच रात्री राहायचं आहे. हिचे गुडघे दुखतात आणि तिथे पावलोपावली पूल आहेत म्हणे. शांत भाग नक्की कोणता? मुलगा म्हणतो, तुम्हीही मेस्त्रेलाच राहा, स्वस्त पडेल.

मुलाचा हिशोब चुकलेला नाही, अपुरा आहे. मेस्त्रे हे जमिनीवरचं, मोटारी धावणारं गाव. कारभार व्हेनिसच्याच महापालिकेचा, पण मध्ये लगूनवरचा, म्हणजे समुद्राच्या उथळ खाडीवरचा, लांबलचक पूल. आगगाडीने दहा-बारा मिनिटं लागतात, तिकीट किरकोळ आणि हॉटेलं खरोखरच स्वस्त. पण व्हेनिसची गर्दी ही मुख्यतः दिवसाची गर्दी. सकाळी नऊ-दहाला गाड्या आणि बसगाड्या भरभरून येतात, संध्याकाळी सात-आठपर्यंत बऱ्याचशा परत जातात. गाव पाहावं ते सकाळी आठच्या आत आणि रात्री जेवणानंतर. नेमक्या त्याच दोन वेळा मेस्त्रेचा पाहुणा हॉटेलात न्याहारीच्या रांगेत नाहीतर स्टेशनच्या फलाटावर उभा असतो. वहिनींच्या गुडघ्यांचाही विचार करा. दुपारी दोन तास पाय लांब करायला खोली जवळ हवी. मेस्त्रेला त्यासाठी भर दुपारी कोणी परत जात नाही.

व्हेनिसचे सहा भाग आहेत. त्यातला कान्नारेजो उत्तरेचा. सांता लुचिया रेल्वे स्टेशन त्यातच येतं. स्टेशनाबाहेर पडून डावीकडे वळलं की शहराच्या मध्यावरच्या रिआल्तो पुलाकडे जाणारा एक हमरस्ता लागतो. त्याची नावं वाटेत बदलत जातात, शेवटी त्याला स्त्रादा नोव्हा म्हणतात. सगळं जग त्या एका रस्त्याने वाहत असतं. मुखवट्यांची दुकानं, आइस्क्रीम, चाकांच्या बॅगांचा खडखडाट. त्या रस्त्यावरून उत्तरेला एखाद्या गल्लीत शिरा, दोन पूल ओलांडा, आणि तुम्ही वेगळ्या गावात असता. इथे तीन लांबच लांब कालवे एकमेकांना समांतर जातात आणि त्यांच्या काठाने फरसबंद रस्ते आहेत. काठावरच्या अशा रस्त्याला फोंदामेन्ता म्हणतात. तुमच्या दृष्टीने हेच मोलाचं. शहरात चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत, हे खरं. पण पूल चढावा लागतो तो कालवा ओलांडताना. काठाकाठाने चाललात तर बराच वेळ सपाट रस्ता मिळतो.

म्हणून खोली शोधताना ‘सान मार्कोपासून किती लांब’ हे बघूच नका. नकाशा मोठा करून दोनच गोष्टी बघा: बोटीचा थांबा किती जवळ, आणि थांबा ते दार यांच्या मध्ये किती पूल. सांताल्वीझे, मादोन्ना देल्लोर्तो, फोंदामेन्ते नोवे, त्रे आर्की, गुल्ये हे या भागातले थांबे. ४.१, ४.२, ५.१ आणि ५.२ या बोटी शहराला वळसा घालून फिरतात. शेवटी १ असलेली एका दिशेने, २ असलेली उलट. पहिल्या दिवशी एकदा उलट्या बोटीत बसाल. बसा, बिघडत नाही, शहराची प्रदक्षिणा होते.

एक धोक्याची सूचना. याच भागातले मिझेरिकोर्दिया आणि ओर्मेझिनी हे काठ नकाशावर अगदी शांत दिसतात. संध्याकाळी सहानंतर तिथल्या खाण्यापिण्याच्या दुकानांबाहेर तरुण मंडळी हातात पेले घेऊन काठावर बसतात, ती उशिरापर्यंत उठत नाहीत. पाण्यावरून आवाज फार लांब येतो. तुम्हाला झोप हवी असेल तर त्याच्या उत्तरेचा कालवा धरा.

बोटीत चढण्याचं मनावर घेऊ नका. धक्का तरंगता असतो, बोट टेकली की जरा हलतो. खलाशी जाडजूड दोराचे वेढे खुंटाला टाकून आवळतो, लोखंडी फाटक सरकवतो, आधी उतरणाऱ्यांना वाट करून देतो. मग आपण सपाट पाऊल टाकून आत जायचं, पायरी नाही. म्हातारं माणूस दिसलं की तो खलाशी न मागता कोपराला धरतो आणि ते करताना त्याचं लक्ष भलतीकडेच असतं. इतकी वर्षांची सवय.

तिकीट मात्र महाग. एका प्रवासाचं, ७५ मिनिटं चालणारं तिकीट साडेनऊ युरो. सात दिवसांचा पास ६५ युरोंचा, म्हणजे सात फेऱ्यांत वसूल. पाच रात्री राहणाऱ्याने डोळे मिटून तोच घ्यावा. प्रत्येक वेळी चढण्याआधी धक्क्यावरच्या यंत्राला टेकवायचा, पास असला तरीही. विमानतळावरून येणारी आलिलागूना कंपनीची बोट या पासात धरत नाहीत. तिची केशरी मार्गाची फेरी मादोन्ना देल्लोर्तो आणि गुल्येला थांबते, त्यामुळे सामानासकट एकदम घराजवळ उतरता येईल. त्यापेक्षा स्वस्त हवं तर विमानतळावरून बस घेऊन पियात्साले रोमाला या आणि तिथून बोट धरा. मोटारींचं राज्य त्या चौकापर्यंतच.

आणि पाहायला काय, हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. मादोन्ना देल्लोर्तोचं विटांचं चर्च हे चित्रकार तिंतोरेत्तोचं स्वतःच्या वस्तीतलं चर्च. त्याची दोन प्रचंड चित्रं तिथे वेदीच्या दोन्ही बाजूंना भिंतभर आहेत आणि त्याला पुरलंही तिथेच आहे. तो राहत होता ते घर दोन मिनिटांवर. जवळच्या चौकात भिंतीत बसवलेले पागोटेधारी दगडी पुतळे आहेत, त्यातल्या कोपऱ्यावरच्या एकाला लोखंडी नाक आहे. येणाराजाणारा नशीब उघडावं म्हणून ते चोळतो. चर्चसमोरच्या कालव्यापलीकडच्या वाड्यावर ओझ्याचा उंट कोरला आहे. वहिनींनी एका जागी बसून पाहावं असं हे सगळं आहे. पश्चिमेला थोडं गेलं की ज्यू लोकांना १५१६ साली ज्या बेटावर कोंडलं ती वस्ती लागते. वाढायला जागा नाही म्हणून माणसं वर वर चढत गेली. इतर व्हेनिसच्या मानाने तिथली घरं उंच आणि मजले बुटके आहेत. खिडक्या मोजत बसलात तर लक्षात येईल.

*

आरक्षणाच्या कागदावर पत्ता म्हणून ‘कान्नारेजो’ आणि त्यापुढे चार आकडी क्रमांक, एवढंच आहे. ना रस्ता, ना गल्ली, ना जवळची खूण. पैसे आगाऊ भरले आहेत. फसवणूक तर नाही? – शनिवार पेठेतले एक ज्येष्ठ वाचक

शनिवार पेठेतल्या माणसाने हे विचारावं! काका, तुमच्या पाकिटावर तुम्ही स्वतःचा पत्ता काय लिहिला आहे? घराचा क्रमांक आणि शनिवार पेठ. वाड्याचं नाव, कुठल्या बोळात, कुठल्या गणपतीसमोर, ते टपालवाल्याने जाणायचं. व्हेनिसचंही तसंच. अख्ख्या भागाला एकच क्रमांकमाला, ती गल्लीबोळांतून वळत-वळत हजारांत जाते. त्यामुळे एका दारावर अमुक आकडा आणि समोरच्या दारावर पाचशेने पुढचा, असं सर्रास दिसतं. पत्ता अस्सल आहे.

मात्र पोचण्यासाठी तो कुचकामी आहे. घरमालकाला आजच कळवून गल्लीचं नाव आणि बोटीचा थांबा विचारून घ्या. नुसतं गल्लीचं नावही पुरत नाही, कारण एकच नाव वेगवेगळ्या भागांत पुन्हा पुन्हा येतं. भट्टीची गल्ली, अर्थात काल्ले देल फोर्नो, ठिकठिकाणी भेटते. नावं भिंतीवर चुन्याच्या पांढऱ्या चौकटीत काळ्या अक्षरांत रंगवलेली असतात, ती डोळ्यांच्या जरा वर शोधा. रिआल्तो, सान मार्को, स्टेशन यांच्याकडे बाण दाखवणाऱ्या पिवळ्या पाट्याही आहेत. फोनवरचा नकाशा अरुंद बोळांत भरकटतो आणि भरकटलेला नकाशा तुम्हाला थेट पाण्याच्या काठावर नेऊन सोडतो. तिथे कित्येक गल्ल्या पाण्यातच संपतात. दिवसाउजेडी पोचा म्हणजे झालं.

*

मी सहकारनगरला राहते, शाळेत शिकवते, वय ५२. एकटीने जायचं ठरवते आहे. शांत हवं, पण रात्री सुनसान नको. कास्तेल्लो चालेल का?

चालेल काय, धावेल. पण कास्तेल्लो आकाराने मोठा आहे. त्याची पश्चिमेकडची बाजू सान मार्कोला चिकटलेली आणि तशीच गजबजलेली. तुम्ही आर्सेनालेच्या, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या आरमारी गोदीच्या पलीकडे जा. तिथे व्हिया गारिबाल्दी नावाचा रस्ता आहे. व्हेनिसच्या मानाने अजस्र रुंद, कारण तो मुळात कालवाच. नेपोलियनच्या अमलात १८०७ साली तो बुजवून रस्ता केला. संध्याकाळी तिथे आज्या बाकांवर बसतात, पोरं चेंडू खेळतात, कुत्री एकमेकांना ओळखतात. रस्त्याच्या टोकाला कालव्यात भाजीची बोट लागलेली असते. आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत दोऱ्या आणि त्यांवर चादरी. तुम्ही जसं म्हणताय तसं ‘शांत पण सुनसान नाही’ याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

त्याहीपलीकडे पुलावरून सान पिएत्रोच्या बेटावर जाता येतं. तिथलं चर्च हे १८०७ पर्यंत व्हेनिसचं मुख्य धर्मपीठ होतं. सान मार्कोला तो मान नंतर मिळाला. आता समोर हिरवळ, झाडं आणि उघड उघड कललेला पांढरा घंटाघराचा मनोरा. दुपारी पुस्तक घेऊन जा. आणखी पूर्वेला सांतेलेना: झाडी, बाग, स्थानिक कुटुंबं. पण फुटबॉलचं मैदानही तिथेच, त्यामुळे सामन्याच्या दिवशी बोटी फुललेल्या असतात. १ क्रमांकाची बोट आर्सेनाले, जार्दिनी, सांतेलेना या तिन्ही थांब्यांवर येते.

या भागात जाताना बिएनालेच्या तारखा आधी बघा. हे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन जार्दिनी आणि आर्सेनालेतच भरतं. हल्ली सम वर्षी कलेचं, विषम वर्षी वास्तुरचनेचं. उद्घाटनाच्या आठवड्यात तिथल्या खोल्यांचे भाव विचारू नयेत. ते दिवस वगळले तर प्रदर्शन तुमच्या घराला लागून, उलट सोयीचंच.

रात्री गल्ल्या अंधाऱ्या असतात, पण धास्ती वाटावी असं मला काही आढळलं नाही. सांभाळायचं ते दिवसा: सान मार्को, रिआल्तो आणि भरलेली १ नंबरची बोट इथे पाकीटमार असतात. पर्स पुढे घ्या. एकटीसाठी ख्रिस्ती धर्मसंस्थांची अतिथिगृहंही चांगली. साधी खोली, स्वच्छ, माफक दर. काही ठिकाणी रात्री ठरावीक वेळेला दार बंद होतं, ते आधी विचारा.

जुदेक्काचं तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणीतरी सुचवेलच. शहराच्या दक्षिणेला, रुंद कालव्यापलीकडचं हे बेट अतिशय निवांत. वास्तुकार पाल्लादिओने बांधलेलं रेदेन्तोरेचं चर्च तिथे आहे, आणि दर गुरुवारी सकाळी तिथल्या महिला तुरुंगातल्या बायका स्वतः पिकवलेली भाजी विकायला ठेवतात. पण प्रत्येक वेळी शहरात यायला बोटच लागते. एकटीला पहिल्या खेपेस नको.

*

आम्ही दोघं आणि सात वर्षांची मुलगी. औंधहून. हॉटेलपेक्षा फ्लॅट घ्यावा असं वाटतंय, कपडे धुता येतील, वरण-भात लावता येईल. काय तपासून घ्यावं?

सात वर्षांचं मूल असताना मीही फ्लॅटच घेतला असता.

पहिलं म्हणजे नोंदणी. १ जानेवारी २०२५ पासून इटलीत अशा प्रत्येक भाड्याच्या घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक लागतो आणि तो जाहिरातीत छापणं मालकावर बंधनकारक आहे. क्रमांक दिसत नसेल तर पुढे पाहूच नका. दुसरं, मजला. जुन्या घरांना लिफ्ट क्वचित असते आणि जिने उभे व अरुंद. तिसरा मजला म्हणजे बॅगा घेऊन तिसरा मजला, सोबत झोपाळलेलं मूल. अगदी तळमजला मात्र नको; ओल येते, आणि भरतीचं पाणी आलं तर पहिलं तिथेच. तिसरं, उन्हाळ्यात जाणार असाल तर खिडक्यांना डासांची जाळी आहे का ते विचारा. पाण्याच्या गावात हे विचारायला लाजू नये.

रात्रीच्या मुक्कामावर महापालिकेचा कर असतो, तो बहुतेकदा घरमालक वेगळा, रोख मागतो. दहा वर्षांखालच्या मुलांना तो नाही. दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून २०२४ पासून ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क घेतात, ते मुक्कामाला असणाऱ्यांना माफ आहे. पण माफ आहे म्हणून गप्प बसायचं नाही. त्या दिवसांसाठी संकेतस्थळावर नोंद करून माफीचा कोड जवळ ठेवायचा.

आता कचरा. हॉटेलात राहणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही. फ्लॅटवाल्याला पहिल्याच सकाळी लागतो. ओला-सुका वेगळा ठेवायची तुम्हाला सवय असेलच, तिथे आणखी काटेकोर: कागद, काच-प्लॅस्टिक आणि उरलेलं वेगवेगळं, त्यात कागदाचा आणि काच-प्लॅस्टिकचा वार ठरलेला. रात्री पिशवी दाराबाहेर ठेवली की सीगल पक्षी ती फाडून गल्लीभर पसरतात आणि शेजारी तुमच्याकडे असं बघतात की इटालियन येत नसली तरी समजतं. सकाळी कर्मचारी गल्लीगल्लीतून लोखंडी गाडा ढकलत येतो, दाराची घंटा वाजवतो, त्याच्या हातात द्यायची. नाहीतर आपणच काठावर लागलेल्या कचऱ्याच्या बोटीपर्यंत न्यायची. मुलीला एकदा घेऊन जा. तो भरलेला गाडा बोटीवरच्या क्रेनने अलगद उचलतात, पोटाखालची झडप उघडतात, सगळा कचरा बोटीत रिता होतो आणि गाडा पुन्हा काठावर. माझ्या भाचीच्या मैत्रिणीचा मुलगा संग्रहालयं विसरला, हे विसरला नाही. तसंच मालाच्या बोटी. पाण्याच्या बाटल्यांपासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळं बोटीने येतं आणि पुढे हातगाड्यांवरून जातं. या गाड्यांना पुढच्या अंगाला दोन छोटी जादा चाकं असतात, पुलाची पायरी आली की ती पायरीवर टेकवून गाडा वर ओढायचा. पुलावर मध्येच फोटो काढत उभे राहिलात तर ओरडा बसतो. बरोबर बसतो.

मुलीला खेळायला चौक भरपूर. सांता क्रोचे भागातल्या सान जाकोमो दाल्लोरिओच्या चौकात शाळा सुटल्यावर मुलंच मुलं असतात. चौकांच्या मध्ये दगडी कठड्याच्या विहिरी दिसतील, आता झाकलेल्या. त्या जमिनीतल्या पाण्याच्या विहिरी नव्हेत. चौकाखाली मातीने लिंपलेली टाकी, तिच्यात वाळू, आणि पावसाचं पाणी त्या वाळूतून गाळून मधल्या विहिरीत उतरायचं. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, म्हणून हा खटाटोप. १८८४ साली जमिनीवरून नळाचं पाणी आलं. आज नळाचं पाणी खुशाल प्या, बाटल्या वाहू नका.

तांदूळ, डाळी सुपरमार्केटात मिळतात. स्त्रादा नोव्हाच्या रस्त्यावर एक सुपरमार्केट जुन्या थिएटरात आहे, छतावरची चित्रं तशीच. खाली टोमॅटो निवडायचे आणि वर बघायचं. तुरीची डाळ आणि गोडा मसाला मात्र घरून न्या.

*

तुम्ही असे शांत भाग छापून सांगणार, मग तिथे झुंडी जाणार आणि तिथल्या लोकांची घरं जाणार. याला जबाबदार कोण? – एरंडवण्यातले एक वाचक

आपल्या मासिकाच्या वाचकांनी व्हेनिस भरून जाईल एवढा खप संपादकांनाही हवाच आहे. पण पत्र रागाचं असलं तरी प्रश्न खरा आहे. बेटावरच्या जुन्या शहरात १९५१ च्या सुमारास पावणेदोन लाख माणसं राहत होती. २०२२ मध्ये ती संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली. रिआल्तोजवळच्या सान बार्तोलोमेओ चौकात एका औषधांच्या दुकानाने २००८ पासून खिडकीत आकड्यांचा फलक लावला आहे, त्यावर उरलेल्या रहिवाशांची संख्या दिसते. सर्दीचं औषध घ्यायला गेलं तरी ती डोळ्यांत भरते. २०२३ पासून तिथे पाहुण्यांसाठीच्या खाटा रहिवाशांपेक्षा जास्त झाल्या.

मला जमेल तेवढं सांगते. अख्खा फ्लॅट घेण्यापेक्षा मालक स्वतः राहतो त्या घरातली खोली, छोटं हॉटेल किंवा अतिथिगृह घ्यावं. त्यात कोणाचं राहतं घर बाजारात जात नाही. अर्ध्या दिवसात चौक बघून पाण्याची बाटली फेकून जाण्यापेक्षा पाच रात्री राहून भाजी, ब्रेड, औषध वस्तीतल्या दुकानातून घेणं बरं. आणि हो, औंधच्या कुटुंबाला मी वरच फ्लॅट घ्या म्हटलं आहे. मूल लहान आहे, वरण-भाताची सोय हवी आहे, म्हणून म्हटलं. ते तुम्हाला पटणार नाही. मलाही पूर्ण पटलेलं नाही, पण त्या माऊलीला ‘हॉटेलच्या बेसिनमध्ये कपडे धुवा’ असं मी लिहिणार नाही.

*

नोव्हेंबरात खोल्या निम्म्या दरात दिसतात. पण तेव्हा शहर बुडतं ना? – हडपसर

बुडत नाही, भरतीचं पाणी काही तास चढतं आणि उतरतं. १२ नोव्हेंबर २०१९ ला ते १८७ सेंटिमीटरपर्यंत गेलं होतं. त्यावरचा आकडा फक्त १९६६ च्या नोव्हेंबरातला, १९४. पण त्यानंतर गोष्ट बदलली. लगूनच्या तोंडाशी समुद्रतळावर पिवळी पोलादी दारं बसवली आहेत. मोठ्या भरतीचा अंदाज आला की त्यांच्यात हवा भरून ती उभी करतात, समुद्र बाहेरच राहतो. ३ ऑक्टोबर २०२० ला ती पहिल्यांदा खऱ्या भरतीत चालवली, आणि साधारण ११० सेंटिमीटरच्या पुढचा अंदाज असला की वापरतात. त्याखालच्या भरतीत सखल सान मार्को चौकात पाणी येतंच. तुम्ही कान्नारेजोत नाहीतर कास्तेल्लोत असाल तर बहुतेक वेळा बातमीतच वाचाल. पाण्यात घालायचे गमबूट तिथे स्वस्त मिळतात, इथून नेऊ नका.

नोव्हेंबरची खरी अडचण दिवसाची. महिनाअखेर साडेचारला अंधारतं, धुकं असतं, थंडी हाडात शिरते. हे चालत असेल तर जरूर जा, आणि जमल्यास २१ तारीख धरा. १६३०-३१ च्या प्लेगातून सुटका झाल्याचा नवस म्हणून त्या दिवशी सारं गाव मोठ्या कालव्यावर घातलेल्या तात्पुरत्या पुलावरून सालुते चर्चला मेणबत्ती लावायला जातं. पाहुणे कमी, घरचीच माणसं जास्त.

*

थोडक्यात.

शुद्ध शाकाहारी आहोत, उपाशी राहू का? (बिबवेवाडी) – नाही. पण व्हेनिसचं खाणं मुळात माशांचं, म्हणून विचारून खा. बीन्सच्या सूपमध्ये आणि वाटाण्याच्या भातात डुकराचं मांस असू शकतं. पिझ्झा, भोपळ्याचे आणि पालकाचे पदार्थ, मक्याच्या पिठाचं पोलेंता, वसंतात सांतेराझ्मो बेटावरून येणारे कोवळे आर्टिचोक, यांवर सुखाने निभतं. जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये वासराच्या जठराचा अंश असतो. त्याबद्दल कडक असाल तर पार्मेसान टाळा. कॉफी उभ्याने काउंटरवर घ्या, टेबलावर बसलात की दर वेगळा.

गोंडोला परवडतो का? (वारजे) – सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, रात्री पस्तीस मिनिटांना ११०. हा पूर्ण गोंडोल्याचा दर आहे, माणशी नव्हे. पाच जण बसू शकतात. म्हणजे एकट्याने नको, कुटुंबाने हरकत नाही. घ्यायचाच तर मोठ्या कालव्यावर न घेता आतल्या एखाद्या वस्तीतल्या धक्क्यावर घ्या, तिथे बोटींची कोंडी नसते. आणि नुसतं गोंडोल्यात पाय ठेवल्याचं समाधान हवं असेल तर मोठा कालवा ओलांडायला काही ठिकाणी त्रागेत्तो, म्हणजे पलीकडे सोडणारा गोंडोला, चालतो: दोन वल्हेकरी, दोन युरो, दोन मिनिटं. तिथली माणसं त्यात उभी राहून जातात, तुम्ही बसलात तरी कोणी काही म्हणत नाही.